कापड खादीचं, बेत आजोबांचा : हैदराबादी मराठी घरातली एक शेरवानी



गेल्या महिन्यात आमच्या नातीच्या शाळेत बारावीचा निरोप समारंभ होता. सगळ्या मुली साडी नाहीतर भाड्याने आणलेला गाऊन घालणार होत्या. आमच्या बाईसाहेबांनी जाहीर केलं, "मी माझा ड्रेस स्वतः शिवणार." आजीची जुनी जांभळी रेशमी साडी तिने मागून घेतली, मोबाइलवर व्हिडिओ लावले आणि आमच्या आईचं उषा मशीन माळ्यावरून खाली काढलं. आठ दिवस घरभर चिंध्या. शेवटच्या दिवशी गाडी काजांवर अडली. "आबा, तुम्हाला काज करता येतं असं आजी म्हणते. खरं का?"

खरं आहे. पस्तीस वर्षं बँकेत लेजर तपासलेल्या माणसाला काज कसं येतं, याची एक गोष्ट आहे. ती आमच्या घरची आहे, पण तीत आपल्या हैदराबादच्या मराठी मंडळींचा थोडा इतिहासही आहे, म्हणून इथे लिहितो. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आधी शेरवानीबद्दल. आज लग्नात सोनेरी जरीची, दुकानातून तयार आणलेली शेरवानी घालतात, तिचा आणि आमच्या लहानपणच्या शेरवानीचा फारसा संबंध नाही. हैदराबादची शेरवानी म्हणजे कामाचा पोशाख. कचेरीत, कोर्टात, शाळेत, लग्नात आणि मयतालाही तीच. गुडघ्याच्या खाली उतरणारी, गळ्याशी उभी कॉलर, छातीला अंगाबरोबर बसणारी आणि कमरेखाली जरा मोकळी. जुना अंगरखा-अचकन आणि इंग्रजांचा लांब कोट यांच्या मेळातून एकोणिसाव्या शतकात हा पोशाख तयार झाला आणि निजामाच्या राज्यात असा रुजला की त्याला जातधर्म उरला नाही. मुसलमान, कायस्थ, तेलुगू, मारवाडी, मराठी, सरकारी नोकरीतला प्रत्येक जण शेरवानीत. दिवाणपदावर बसलेले महाराजा किशन पर्शाद शेरवानीत, आणि आपल्या मराठी राय रायां घराण्यातले राजा शामराज बहादूरही. दरबारात जायचं तर वर डोक्याला दस्तार आणि कमरेला बगलूस नावाचा पट्टा. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं, तिथे शिक्षणाचं माध्यम उर्दू आणि विद्यार्थ्यांचा पोशाख शेरवानी.

राज्यकर्त्यांची तऱ्हा मात्र न्यारी. सहावे निजाम महबूब अली खान एकदा घातलेला कपडा पुन्हा घालत नसत, असं सांगतात. पुरानी हवेलीत त्यांचं कपड्यांचं दोन मजली लाकडी कपाट आजही आहे, वर जायला हाताने चालवायची लाकडी लिफ्ट. पाहिलं नसेल तर नातवंडांना घेऊन एकदा जाऊन या. त्यांचे चिरंजीव उस्मान अली खान १९११ साली गादीवर आले. १९३७ च्या फेब्रुवारीत 'टाइम' साप्ताहिकाने मुखपृष्ठावर त्यांचं चित्र छापलं आणि जगातला सर्वात श्रीमंत माणूस म्हणून गाजवलं. पण त्यांची शेरवानी जुनीपुराणी, टोपी मळकी, आणि पायमोजे म्हणे ते स्वतःच्या हाताने विणत. बापाच्या कपाटाचा हिशेब लेकाने असा जुळता केला!

आमचे आजोबा, त्यांना सगळे अप्पा म्हणत, निजामाच्या महसूल खात्यात होते. मूळ गाव परभणीकडचं. त्या वेळी औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे पाचही जिल्हे हैदराबाद संस्थानात. १९५६ च्या १ नोव्हेंबरला ते मुंबई राज्यात गेले आणि आम्ही इथेच राहिलो. म्हणजे गाव महाराष्ट्रात, घर तेव्हाच्या आंध्र प्रदेशात, आताच्या तेलंगणात, आणि बोली दोन्हीकडची. हे तुम्हाला नव्याने सांगायला नको, निम्म्या जणांची हीच कथा आहे.

अप्पांच्या दोन शेरवान्या होत्या. एक रोजची काळी. दुसरी मानाची, हिमरूची. हिमरू हे आपल्या औरंगाबादचं कापड, सूत आणि रेशीम मिळून विणलेलं. चौदाव्या शतकात मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा विणकर आले आणि राजधानी परत गेली तरी ते इथेच राहिले, अशी परंपरा सांगते. किनखाब परवडत नाही पण तसं दिसायला तर हवं, अशा माणसाचं हे कापड. मध्यमवर्गाला आणखी काय पाहिजे? अप्पांच्या त्या शेरवानीला सात चांदीची बटणं होती. एका बारीक साखळीत ओवलेली. धुवायच्या वेळी साखळीसकट काढून डबीत ठेवायची.

आणि ह्या घरात माझ्या वडिलांना, दादांना, शेरवानीचं नावही चालत नसे.

कारण उघड होतं, निदान आम्हाला तसं वाटायचं. १९३८ साल. ऑक्टोबरमध्ये स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू झाला होता. वर्षअखेरीला उस्मानियाच्या वसतिगृहांतल्या हिंदू विद्यार्थ्यांनी प्रार्थनेत 'वंदे मातरम्' म्हणायला सुरुवात केली. मनाई झाली, मुलं ऐकेनात, शेकडो विद्यार्थ्यांची नावं कमी झाली. नागपूर विद्यापीठाने त्यांना आपल्याकडे घेतलं. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांच्यातलेच. आमचे दादाही त्यांच्यातलेच, अठरा वर्षांचे. ते नागपूरला गेले ते खादी घालून परत आले. मरेपर्यंत खादीचा सदरा, धोतर आणि थंडीत बंद गळ्याचा कोट. सप्टेंबर १९४८ मध्ये १३ ते १७ अशा पाच दिवसांत पोलीस अ‍ॅक्शन होऊन संस्थान संपलं, आणि बऱ्याच मराठी घरांतल्या शेरवान्या खुंटीवरून उतरून ट्रंकेत गेल्या. अप्पा त्याच वर्षी निवृत्त झाले. आमच्या घरची हिमरू शेरवानी आईने कडुनिंबाचा पाला घालून जुन्या लुगड्यात बांधून ठेवली. दादांच्या नजरेला पडणार नाही अशा ट्रंकेत. मी ती पहिल्यांदा पाहिली ती १९६१ मध्ये, अप्पा गेले तेव्हा. आईने गाठोडं उघडलं, हात फिरवला, परत बांधलं.

आता माझ्या शिवणाकडे येतो. त्याचं श्रेय १९६९ च्या तेलंगणा आंदोलनाला. मी बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला. शहरात बंद, मोर्चे, संचारबंदी, गोळीबार. कॉलेजं कित्येक महिने बंद राहिली. त्या आंदोलनात कित्येक तरुण मुलं जिवानिशी गेली, त्यापुढे आमचं वर्ष वाया जाणं काहीच नव्हे. पण एकोणीस वर्षांचा मुलगा दिवसभर घरात काय करणार? आमच्या गौलीगुड्याच्या गल्लीच्या तोंडाशी एका म्हाताऱ्या टेलरचं दुकान होतं. सगळे त्यांना मास्टरसाब म्हणत. उमेदीत पत्थरगट्टीच्या एका दुकानात बड्या लोकांच्या शेरवान्या शिवलेला माणूस, आता शाळेच्या खाकी चड्ड्या शिवत होता. मी गप्पा मारायला जाऊन बसायचो. चौथ्या दिवशी त्यांनी माझ्या हातात सुई दिली. "खाली बैठ के क्या करते मियां, काज बनाओ."

एक महिना मी फक्त काजं केली. चिंधीवर. काज म्हणजे साधी गोष्ट नाही, मंडळी. आधी कापड चिरायचं, नेमकं बटणाएवढं. दोरा मेणावरून ओढून घ्यायचा म्हणजे गुंतत नाही. कडेने एक जाड दोरा धरायचा आणि त्यावर एकेक टाका असा घालायचा की प्रत्येकाची गाठ चिरेच्या काठावर, एका ओळीत बसली पाहिजे. एक गाठ मागेपुढे झाली की मास्टरसाब शांतपणे कात्री घेऊन सगळं काज उसवायचे. बँकेत पुढे मला ताळेबंद जुळला नाही तर रात्री दहापर्यंत बसायची शक्ती कुठून आली, ते आता तुम्हाला कळलं असेल.

मग धावदोरा, तुरपाई, कॉलरचं बकरम, मुंढ्याला बाही लावणं. बाहीचा घेर मुंढ्यापेक्षा थोडा जास्त असतो. ते जास्तीचं कापड चुणी न पडू देता वाफेने आणि बोटाने मुरवायचं असतं. मास्टरसाब म्हणायचे, "आधी सिलाई सुई की, आधी इस्त्री की." कोळशाची आठ शेरी इस्त्री. छातीचा कॅनव्हास ते ओला करून इस्त्रीने असा वळवत की कागदासारखं सपाट कापड छातीचा आकार घ्यायचं.

घरी आईचं वेगळं शास्त्र होतं. आईने लग्नानंतर महिला मंडळाच्या वर्गात शिवण शिकलं होतं. तिच्याकडे झारापकरांच्या पद्धतीचं पुस्तक होतं. मुंबईच्या झारापकर टेलरिंग कॉलेजमुळे आपल्या पिढ्यान् पिढ्या बेतायला शिकल्या. छातीचं माप घ्यायचं, त्याचा चौथा हिस्सा, आठवा हिस्सा, बारावा हिस्सा असे आकडे मांडून कागदावर आराखडा काढायचा. मला हे फार आवडलं, कारण तो सरळ हिशेब होता. मास्टरसाबांना पुस्तक माहीत नव्हतं. ते गिऱ्हाइकाला नुसतं पाहून कापडावर खडूने रेघ मारायचे आणि ती बरोबर यायची. आईला ते पटायचं नाही आणि मास्टरसाबांना आईचं पटायचं नाही. मी दोघांचा निरोप्या.

आमच्या मुलखात शिवण ही हलकी गोष्ट कधीच नव्हती, हेही सांगायला हवं. संत नामदेव जातीने शिंपी, आणि जन्मगाव नरसी आपल्याच जुन्या संस्थानातलं, तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं, आता हिंगोलीत आहे. पंजाबातल्या ग्रंथसाहिबात त्यांची पदं आहेत, त्यांत गज आणि कात्री आहे, सुई आणि दोरा आहे. पण मुलाने शिवणं हे शेजारणींना विचित्र वाटायचं. "बी. कॉम. करतोय की टेलरिंग?" असं एकीने आईला विचारलंही. आई म्हणाली, "दोन्हीत बेरीज-वजाबाकीच असते."

दादा काही बोलत नसत. फक्त एकदा मशीनबद्दल बोलले होते, की चरखा सोडून हे यंत्र घरात कशाला. त्यावर आईने त्यांना गांधीजींचाच दाखला दिला. गांधीजींचा यंत्रांना विरोध, पण शिवणाचं मशीन त्यांनी अपवाद मानलं होतं. बायकोला हाताने शिवताना होणारा त्रास सिंगरला पाहवला नाही, प्रेमापोटी त्याने मशीन काढलं, म्हणून ते चांगलं, असं त्यांनी १९२४ मध्ये सांगितलं होतं. दादा त्यानंतर मशीनवर काही बोलले नाहीत. उलट तेलाची कुप्पी तेच आणून ठेवू लागले.

१९७१ मध्ये बी. कॉम. झालो, १९७२ मध्ये बँकेत क्लार्क म्हणून लागलो. १९७६ मध्ये लग्न ठरलं. मुलगी लातूरची. बैठकीत पोशाखाचा विषय निघाला. तुम्हाला ठाऊक आहे, नवरदेवाला सूट मुलीकडून. टेरिकॉटचा सूट, टाय, बूट. दादांनी हुंड्याला आधीच हात जोडले होते, आता सूटही नको म्हणाले. सासरेबुवा चांगले होते, पण त्यांना ते लागलं. "आमचा सूटसुद्धा नको?" बैठकीत शांतता. आणि मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हणालो, "सूट नको कारण मी शेरवानी घालणार आहे. आणि ती मी स्वतः शिवणार आहे."

लातूरकर हसले. विषय सुटला. फक्त दादा हसले नाहीत.

घरी आल्यावर ते आईला म्हणाले, मला नाही. "त्याला सांग, मुंडावळ्या बांधून शेरवानीत उभा राहणार असेल तर मी अक्षता टाकायला येईन, पण फोटोत उभा राहणार नाही." आईने निरोप दिला. मी हट्टाला पेटलो. शिवून घ्यायची तर चांगल्या टेलरची शिलाई माझ्या पगाराच्या चौथ्या हिश्शाएवढी होती, म्हणजे स्वतः शिवण्यावाचून गत्यंतरही नव्हतं. पण कापड कुठलं घ्यायचं? यावर मी दोन दिवस विचार केला आणि २ ऑक्टोबरच्या रिबेटमध्ये खादी भांडारातून जाडसर, मोतिया रंगाची खादी सिल्क घेऊन आलो. दादांसमोर टेबलावर ठेवली. खादीला त्यांना नाही म्हणता येईना. घडी उलगडून त्यांनी पोत पाहिला, "रात्रभर भिजवून घे, आटते," एवढंच म्हणाले आणि उठले.

बेत मात्र अप्पांचाच घ्यायचा होता. आईने ट्रंक उघडली. हिमरू शेरवानी मी अंगात घातली तर पाठीत अडकली, अप्पा बारीक होते. आस्तर एका बाजूने उसवून आत पाहिलं आणि थक्क झालो. जुन्या कारागिराने प्रत्येक शिलाईच्या आत दोन-दोन बोटं माया सोडलेली. कारण ते कापड एका माणसापुरतं नसायचंच. बाप बारीक, मुलगा रुंद, तर शिलाई उसवून वाढवून घ्यायची. आज तयार कपड्यात पाव इंचही माया नसते. पुढच्या माणसाचा विचारच नाही. मी ती शेरवानी वाढवून वापरू शकलो असतो, पण तेवढं धाडस झालं नाही. तिच्यावरून कागदावर भाग उतरवून घेतले आणि परत आस्तर शिवून टाकलं.

आणीबाणीचे दिवस होते. बँकेत दहाच्या ठोक्याला हजर आणि साडेपाचशिवाय खुर्ची सोडायची नाही. त्यामुळे शिवण रात्री. कागदी आराखडा आईच्या पुस्तकाच्या हिशेबाने तपासला, कापायला मास्टरसाबांच्या दुकानात नेला. ते आता फार थकले होते, दिसायला कमी झालं होतं. कात्री हातात घेतली तर माझा हात थरथरायला लागला. मास्टरसाब म्हणाले, "कैंची से डरना नक्को मियां. तुम डरे तो कपडा टेढा कटता."

न घाबरता कापलं, आणि चूक केली. घरी येऊन बाह्या लावायला घेतल्या तर दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या! कापड घडी न घालता एकावेळी एक कापल्यामुळे असं होतं, नवशिक्यांची नेहमीची चूक. दुसऱ्या बाहीला पुरेल एवढं कापड उरलं नव्हतं, रिबेट संपला होता आणि तोच ताका भांडारात नव्हता. रात्री अकरा वाजता मी कपाळाला हात लावून बसलो. सकाळी बँकेत जाण्याआधी मास्टरसाबांकडे धावलो. त्यांनी दोन्ही बाह्या हातात घेऊन चाचपल्या आणि हसायला लागले, खोकला येईपर्यंत हसले. "दोनों आस्तीनां सीधे हाथ के काटे मियां! अब पलटाओ एक को. ये खादी है. इसका सीधा-उल्टा नैं रैता."

खरंच. साध्या विणीच्या खादीला सुलटं-उलटं नसतं, दोन्ही बाजू सारख्या. हिमरू असती किंवा मिलचं छापील कापड असतं तर सगळं वाया गेलं असतं. एक बाही उलटी केली, डाव्या हाताची झाली.

संध्याकाळी जेवताना मी हे आईला सांगत होतो. दादा ऐकत होते. ते एकदम हसले. शेरवानीच्या बाबतीत मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं. मग पानावरून उठले नाहीत, बसून राहिले, आणि बोलायला लागले.

मला वाटत होतं ते निजामाबद्दल बोलतील. ते अप्पांबद्दल बोलले. "माझं नाव विद्यापीठातून कमी झालं तेव्हा अप्पांना त्यांच्या साहेबाने बोलावलं. मुलाकडून माफीपत्र लिहून घ्या, नाहीतर तुमच्या नोकरीचं बघावं लागेल, असा निरोप होता. अप्पांनी ती हिमरू शेरवानी घातली, दस्तार बांधला, बगलूस लावला, बटणं लावताना त्यांचा हात कापत होता ते मी दारातून पाहिलं. गेले. दोन तासांनी आले. काय झालं ते सांगितलं नाही. शेरवानी काढून घडी घातली आणि मला म्हणाले, नागपुरात थंडी फार असते, जाड कोट शिवून घे. आणि पैसे दिले. माफीपत्राचा शब्द काढला नाही. त्यांना पुढे सहा वर्षं बढती मिळाली नाही."

थोडं थांबून म्हणाले, "लोकांना वाटतं मला त्या पोशाखाचा राग आहे. मला राग नाही. तो पाहिला की अप्पा माझ्यापायी कुणापुढे तरी उभे आहेत असं दिसतं. ते मला पाहवत नाही."

आई पदराने डोळे पुसत होती. तिलाही हे ठाऊक नव्हतं, तीस वर्षांच्या संसारात. मी म्हणालो, "दादा, नको असेल तर राहू दे. सूट शिवतो." ते म्हणाले, "नाही. अप्पांना ती घालावी लागली. तुला कुणी घालायला लावलेली नाही, तू शिवतोयस. घाल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक पितळी डबी माझ्या मशीनवर आणून ठेवली. आत साखळीतली सात चांदीची बटणं. आम्हाला वाटत होतं ती अप्पांनंतर कुठेतरी हरवली. ती पंधरा वर्षं दादांच्या टेबलाच्या खणात होती.

काजं मी शेवटी केली. सात काजं, चार रात्री. बटणं जुनी, काढता-घालता येणारी, म्हणून समोरासमोर दोन्ही पल्ल्यांना छिद्रं लागतात. तीही हाताने केली.

लग्न मार्गशीर्षात काचीगुड्याला झालं. मुहूर्ताला पीतांबर, संध्याकाळच्या स्वागताला शेरवानी. मास्टरसाब आले होते. त्यांनी मला समोरून पाहिलं, मग मागे जाऊन पाठीवर हात फिरवला, मुंढ्याजवळ बोट दाबलं आणि म्हणाले, "चलता." याहून मोठं प्रशस्तिपत्र मला बँकेनेही दिलं नाही. सासरेबुवा मात्र पाहुण्यांना गर्वाने सांगत होते, "जावयांनी स्वतः शिवली बरं का."

फोटोच्या वेळी कॉलरचा आतला हूक निसटला. मला तो लागेना. दादा पुढे आले, त्यांनी बोटाने कॉलर सरळ केली, हूक लावला आणि तसेच माझ्या शेजारी उभे राहिले. तो फोटो आमच्या बैठकीत आहे. डावीकडे खादीच्या कोटात दादा, मधे खादीच्या शेरवानीत मी, उजवीकडे आमच्या सौभाग्यवती. नीट पाहिलं तर माझी डावी बाही किंचित वळलेली दिसते. ती उलटी केलेली, म्हणून.

मास्टरसाब दोन वर्षांनी गेले. दुकानाच्या जागी नंतर झेरॉक्सचं दुकान झालं, आता मोबाइलचं आहे. दादा गेले १९९४ मध्ये. हिमरू शेरवानी अजून ट्रंकेत आहे, दर चैत्रात उन्हात घालतो. कसर एका ठिकाणी लागली आहे.

नातीच्या ड्रेसची काजं मी करून दिली. डोळ्याला जाड चष्मा, बोटात संधिवात, एका काजाला अर्धा तास. तीन केली, चौथं तिने केलं. तिचं वाकडं होतं. मी कात्री उचलली होती, मग खाली ठेवली. समारंभाला तसंच घालून गेली.

एक विनंती. तुमच्या घरी आजोबा-पणजोबांची शेरवानी असेल, आजीचं हाताने शिवलेलं पोलकं किंवा खणाची चोळी असेल, तर ती भांडीवालीला देण्याआधी एकदा आस्तर उचलून आत पाहा. किती माया सोडली आहे, टाका हाताचा की मशीनचा, ते बघा. आणि घरातलं कुणी वडीलधारं माणूस हयात असेल तर त्यांना विचारा की ही कुणी शिवली आणि कुठे जाताना घातली होती. मी विचारायला पंधरा वर्षं उशीर केला होता. बाही चुकली म्हणून कळलं.